चोविसावी चाल

४ जानेवारी, रविवार

सकाळी क्लबात मीटिंग. आमच्या बुद्धिबळ क्लबला पन्नास वर्षं होताहेत म्हणून स्मरणिका काढायची. सेक्रेटरी म्हणाले, क्लबच्या इतिहासातला सर्वोत्तम डाव टिपणांसकट छापू या. सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. माझी जरा आधीच वळली होती.

भिंतीवर माझा डाव आहे. फ्रेममध्ये, काचेखाली, गेली सव्वीस वर्षं. अजिंक्यपदाची फायनल. पांढरी मोहरी माझी, काळी धाकट्याची. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. चोविसाव्या चालीला मी चक्क वजीर देऊन टाकला, त्याने तो घेतला, आणि पुढच्या सात चालींत त्याच्या राजाला पळता भुई थोडी केली. पेपरात बातमी आली होती. बाबांनी ते कात्रण पाकिटात ठेवलं होतं, जाईपर्यंत.

चार दिवसांनी धाकट्याने क्लब सोडला. परत पटाला हात लावला नाही. हार पचवायला वेगळी छाती लागते.

टिपणं अर्थात मीच लिहिणार. मुदत पंधरा फेब्रुवारी. हल्ली कॉम्प्युटरवर तपासून देतात, तेवढं करा, असं सेक्रेटरी जाता जाता म्हणाले. जरूर, म्हटलं. नाहीतरी यंत्राकडून चार गोष्टी शिकायच्या असं बरेच दिवस मनात होतंच.

६ जानेवारी, मंगळवार

कन्येने तिच्या जुन्या लॅपटॉपवर बुद्धिबळाचं इंजिन टाकून दिलं. पटाशेजारी सतत एक आकडा दिसतो. अधिक असला तर पांढरा चांगला, उणे असला तर काळा. अधिक एक म्हणजे एका प्याद्याएवढी आघाडी. जगज्जेतेसुद्धा याच्यापुढे हरतात म्हणे.

मी त्याला गुरुजी म्हणायचं ठरवलं आहे. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी नवा गुरू करायला नम्रता लागते. ती माझ्यात आहे.

संकल्प: रोज फक्त एक तास. आणि गुरुजींची चाल बघण्याआधी दहा मिनिटं स्वतः विचार करायचा. हे सगळ्यात महत्त्वाचं.

माझा डाव शेवटी तपासणार. गोड शेवटी खायचं असतं.

७ जानेवारी, बुधवार

स्वतः विचार केला नाही, कारण गुरुजींची चाल आपोआपच दिसते. डोळे मिटून घेणं पोरकट वाटलं. तीन तास.

११ जानेवारी, रविवार

प्रचंड प्रगती. आता गुरुजींची चाल दिसली की मला वाटतं, हेच तर माझ्या मनात होतं. म्हणजे आमचे विचार जुळायला लागले आहेत. कन्येने विचारलं, चाल दिसायच्या आधी मनात असतं की नंतर. हल्लीच्या मुलांना खोचक बोलायची सवय आहे.

नवी शिकवण: कडेचं प्यादं. गुरुजी ते सारखं पुढे ढकलतात. आम्हाला लहानपणी सांगितलं होतं, कडेच्या प्याद्यांना कारण नसताना हात लावू नका. किती वर्षं वाया गेली.

१७ जानेवारी, शनिवार

संघनिवडीची पहिली फेरी. दातांच्या डॉक्टरांशी. ते एकच सुरुवात खेळतात, म्हणून गुरुजींकडून तेवीस चाली पाठ करून गेलो होतो. आठ चाली पोपटासारख्या खेळलो. घड्याळात दीड मिनिटसुद्धा गेलं नव्हतं. बघणाऱ्यांत कुजबुज.

नवव्या चालीला डॉक्टरांनी भलतंच काहीतरी खेळलं. गुरुजींच्या यादीत नसलेलं. पन्नास मिनिटं विचार केला. पुढचं लिहीत नाही. हरलो.

घरी येऊन तपासलं. त्यांची चाल चुकीचीच होती. गुरुजींच्या मते मी तिथे जिंकत होतो, वजीर मागे स्वतःच्या घरात नेऊन. का, ते मात्र गुरुजी सांगत नाहीत. आकडा देतात आणि गप्प बसतात. तरीही तत्त्वतः आजचा डाव मी जिंकलेला आहे.

डॉक्टरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, तुमची खालची दाढ दाखवून जा एकदा.

२४ जानेवारी, शनिवार

दुसरी फेरी. निवृत्त पोस्टमन, वय अठ्ठ्याहत्तर. कडेचं प्यादं चौथ्या चालीपासून ढकलत नेलं. अठराव्या चालीला त्यांनी ते अलगद उचललं आणि मागून हत्ती आत आला. हरलो.

डावानंतर त्यांनी विचारलं, ते प्यादं एवढं पुढे कशाला नेलंत. मी म्हटलं, आधुनिक कल्पना आहे. आमच्या वेळी त्याला घाई म्हणायचे, असं म्हणून ते चपला शोधायला गेले.

उद्या माझा डाव तपासायचा. मन जरा खट्टू आहे, त्यावर तोच उपाय.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी नऊला, आंघोळ करून, बसलो. हिला आणि कन्येला मुद्दाम बोलावून घेतलं. कन्या खुर्ची घेऊन आली, ही दारातच उभी राहिली. गॅसवर काहीतरी होतं.

एकेक चाल घालत गेलो. तेविसाव्या चालीपर्यंत आकडा अधिक शून्य पूर्णांक चार. माझी किंचित आघाडी. मी दोघींना सांगितलं, आता बघा.

चोविसावी चाल. वजीर.

उणे चार पूर्णांक सहा.

कन्या म्हणाली, बाबा, चुकून दुसऱ्या घरात गेला असेल. पुन्हा घातली. उणे चार पूर्णांक सहा. लॅपटॉप बंद करून सुरू केला. तेच. इंजिनच्या मते वजीर घ्यायचाच नाही. काळ्याने आपला राजा गुपचूप एक घर सरकवून कोपऱ्यात न्यायचा. एवढंच. शह नाही, मारामारी नाही. मग पांढऱ्याची दोन मोहरी लटकतात आणि खेळ खलास.

कन्येने खुर्ची उचलून जागेवर नेऊन ठेवली. ही गॅस बंद करायला गेली.

२७ जानेवारी, मंगळवार

घाबरण्याचं कारण नाही. यंत्राला खोल बलिदानं पटकन कळत नाहीत, हे सर्वश्रुत आहे. त्याला वेळ द्यावा लागतो. लॅपटॉप जुना आहे. तीस चालींपर्यंत खोल पाहून तो दमतो, पंखा घरघरतो. चाळीसपर्यंत गेला की आकडा फिरेल. आजपासून त्याला गुरुजी म्हणणं बंद. नुसतं इंजिन.

दिवसभर लॅपटॉप चालू ठेवायला हिला सांगून गेलो. टेबलफॅन त्याच्या तोंडावर लावला आहे.

२९ जानेवारी, गुरुवार

हॉस्पिटलात कटकट झाली. आमच्या एक्स-रे विभागातला नवा कॉम्प्युटर घरच्यापेक्षा दसपट वेगवान आहे. दुपारी काम कमी असतं, म्हणून पेन ड्राइव्हवरून इंजिन सुरू करून ठेवलं. मला काय माहीत की एक्स-रे त्याच मशिनमधून वर जातात. चाळीस मिनिटं एकही फोटो डॉक्टरांपर्यंत पोचला नाही. बाकावर सात माणसं. एक आजोबा हात गळ्यात बांधून, एक बाई मुलाचा पाय मांडीवर घेऊन.

रेडिऑलॉजिस्ट मॅडम स्वतः खाली आल्या. स्क्रीनवरचं उणे चार पूर्णांक सात बघून त्यांनी विचारलं, हा कुठल्या पेशंटचा रिपोर्ट. मी म्हटलं, माझा. त्यांचा चेहरा उतरला. मग पट दिसला आणि चेहरा पुन्हा बदलला. लेखी समज मिळणार आहे.

आजोबांनी जाताना विचारलं, हाड मोडलंय का. मला दिसत होतं, मोडलं होतं. एकोणतीस वर्षांच्या सवयीने म्हटलं, डॉक्टर सांगतील.

३ फेब्रुवारी, मंगळवार

उणे चार पूर्णांक पाच. सुधारणा. दिशा योग्य आहे. याच वेगाने मार्चपर्यंत शून्यावर येईल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

उणे चार पूर्णांक नऊ.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

कन्येकडून दुसऱ्या कंपनीचं इंजिन घेतलं. मग तिसरं, फोनवरचं. तिघांचं एकच: राजा कोपऱ्यात. ही सगळी एकमेकांचं बघून करत असणार. कन्या म्हणाली, बाबा, तुम्ही याच्याकडून शिकताय की याला शिकवताय. तिला म्हटलं, जाणकार माणूस कुठलंही मत डोळे झाकून स्वीकारत नाही. ती म्हणाली, पहिले तीन आठवडे तर डोळे झाकूनच चाललं होतं. त्यावर उत्तर सुचलं होतं, पण ती ऑफिसला गेली.

७ फेब्रुवारी, शनिवार

शंका: डाव लिहून घेतानाच चूक झाली असेल. एखादं प्यादं तिथे नसेलच. क्लबात जाऊन फ्रेम उतरवली. मागे भिंतीवर पांढरा चौकोन, बाकी भिंत पिवळट. सेक्रेटरींनी विचारलं, काय झालं. काच पुसायला नेतो म्हटलं.

घरी मागची पट्टी काढली. आतमध्ये दोघांचेही मूळ कागद. माझा आणि धाकट्याचा. त्याचं अक्षर सुरेख, माझं कोंबडीचे पाय. एकतिसाव्या चालीपर्यंत दोन्ही कागद जुळतात. शेवटी त्याने नियमाप्रमाणे हार लिहून खाली सही केली आहे. सहीचं पेन जोरात दाबलेलं दिसतं. वीस वर्षांचा होता.

१० फेब्रुवारी, मंगळवार

जेवताना हिला म्हटलं, त्या डावाचं जरा अवघड झालंय. ही म्हणाली, मग भावजींना विचारा. धाकट्याला काय विचारायचं? सव्वीस वर्षं खेळला नाही तो. बायकांना वाटतं, कुठलाही प्रश्न नातेवाइकांना विचारून सुटतो.

संघनिवडीचा निकाल लागला. नऊ वर्षं मी क्लबसाठी पहिल्या पटावर बसतोय. यंदा राखीव. सेक्रेटरी म्हणाले, राखीव हासुद्धा मान आहे. पोस्टमन दुसऱ्या पटावर.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

टिपणांचा पहिला खर्डा. बुद्धिबळात चांगल्या चालीपुढे उद्गारचिन्ह घालतात, अप्रतिम असेल तर दोन. घोडचुकीपुढे दोन प्रश्नचिन्हं. चोविसाव्या चालीपुढे दोन उद्गारचिन्हं काढली. बघत बसलो. एक खोडलं. मग दुसरं खोडून प्रश्नचिन्ह काढलं. मग कागद फाडला. इंजिनचा उल्लेखच नको, असंही वाटलं. पण दातांच्या डॉक्टरांकडे इंजिन आहे. पोस्टमनकडेही असेल, काय नेम.

१५ फेब्रुवारी, रविवार

सेक्रेटरींनी मुदत वाढवून दिली. वर म्हणाले, धाकट्या भावाचा फोटो आणि संमती लागेल, दोघांचे फोटो समोरासमोर छापायचेत.

आज एक गोष्ट लिहून ठेवतो. इथे कोण वाचतंय. त्या फायनलमधला विजेता राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता. मी गेलो. अकरा डावांत एक जिंकलो, बाकी हरलो. घरी सांगितलं होतं, तिथलं पाणी बाधलं. धाकटा गेला असता तर? त्याने तो राजा एक घर सरकवला असता तर गेलाच असता. तो माझ्यापेक्षा चांगला खेळायचा. हे बाबांना माहीत होतं. मलाही होतं. म्हणून तर त्या दिवशी वजीर दिला. सरळ खेळून मी त्याला हरवू शकलो नसतो, भीतीच इतकी वाटत होती की काहीतरी फेकावं लागलं. मग मात झाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मला वाटलं, आपल्याला सगळं दिसलं होतं.

त्यानंतर तो मोटारींच्या रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला लागला. आता ते दुकान त्याचंच आहे. समारंभात भेटतो. कसं काय, बरंय, एवढंच.

वाचून पाहिलं. जरा जास्तच लिहिलंय. ॲसिडिटीने असं होतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

निर्णय झाला. स्वतः जाऊन त्याला सांगायचं. की बाबा रे, तुझ्याकडे विजय होता, तुला तो दिसला नाही, मलाही नाही. त्यात कमीपणा नाही. उलट सव्वीस वर्षांनी थोरल्या भावाने येऊन स्वतःच्याच सर्वोत्तम डावातली चूक सांगणं, याला मन मोठं लागतं. त्याला धक्का बसेल. रडेलही. तयारी ठेवायला हवी. हिला म्हटलं, इस्त्रीचा रुमाल काढून ठेव.

२२ फेब्रुवारी, रविवार

धाकट्याच्या दुकानात गेलो. रविवारी सकाळी तो एकटाच असतो. जळक्या वार्निशचा वास, जमिनीवर तांब्याच्या तारांची जुनी भेंडोळी, भिंतीशी उघडून ठेवलेल्या मोटारी. तो एका पंपाच्या मोटारीत तार भरत होता. बोटं चालू आणि ओठ हलताहेत. वेढे मोजत होता. मोजताना बोललं तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं, म्हणून त्याने नुसत्या भुवईने बस म्हटलं. पंधरा मिनिटं बसलो. या वेळात मनातल्या मनात भाषणाची उजळणी केली.

वेढे संपल्यावर त्याने हात पुसले आणि विचारलं, दादा, तब्येत बरी ना. मी सुरुवात केली. स्मरणिका, फोटो, संमती. मग आवाज खाली आणून म्हटलं, त्या आपल्या डावात चोविसाव्या चालीनंतर तुझ्याकडे एक चाल होती. मोबाइल काढून त्याला पट दाखवणार, तेवढ्यात चष्मा सापडेना.

तोवर त्याने बाकावर खडूने चौकट मारली आणि नट, बोल्ट, वायसर मांडले. आठवणीतून. एकही घर चुकलं नाही. राजासाठी मोटारीतला कार्बन ब्रश घेतला होता. तो त्याने एका बोटाने सरकवला, एक घर, कोपऱ्यात. म्हणाला, हीच ना?

मी थक्क झालो. अर्ध्या मिनिटात! विचारलं, कशी दिसली. तो म्हणाला, दादा, तुझा सगळा हल्ला उंटाच्या त्या एका शहावर उभा होता. राजा त्या तिरक्या ओळीत नसला की शह नाही. शह नाही तर हल्लाही नाही.

मला कळलं. खरंच कळलं. तीन इंजिनं, एकेचाळीस चालींची खोली, हॉस्पिटलातली लेखी समज, आणि जे कळलं नव्हतं ते त्याच्या दोन वाक्यांत कळलं. त्याला तसं म्हणणार होतो. पण म्हटलं, शाबास, मी सूचना दिल्यावर लगेच पकडलंस. तो हसला की काय ते कळलं नाही, कारण तो वायसर गोळा करायला खाली वाकला होता.

मग कळलं की तो इंजिनशी खेळतो. रोज दुपारी डबा खाऊन झाल्यावर, फोनवर. कित्येक वर्षं. वेढ्यांच्या हिशेबाची वही असते, तिच्या मागच्या पानांवर स्वतःचे विचार लिहितो. इथे मला असं का वाटलं, तिथे मी काय विसरलो. दोन-तीन दिवस स्वतःच शोधतो. सापडलं नाही तरच इंजिनला विचारतो. मी म्हटलं, ही पद्धत फार वेळखाऊ आहे. तो म्हणाला, हो, आहे.

माणसांशी का खेळत नाहीस, असं विचारलं. तो पंपाचं झाकण बसवत म्हणाला, इंजिनसमोर चाल मांडली की ते बघतं तरी.

फोटो दिला. संमतीच्या कागदावर सही केली. रुमाल लागला नाही. म्हटलं, या वेळी टिपणात तुझी चाल छापणार, शब्द देतो. बरं, म्हणाला. आणि नवी तार लावली, मोजायला लागला.

परतताना वाटलं, तो जरा कोरडा वागला. धक्का आत बसला असावा. हळूहळू जाणवेल त्याला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

टिपणं लिहून काढली. एका बैठकीत, इंजिनशिवाय. चोविसाव्या चालीपुढे दोन प्रश्नचिन्हं स्वतःच्या हाताने घातली. उंटाच्या शहाची गोष्ट अगदी सोप्या शब्दांत लिहिली. चार पानं झाली. धाकट्यावर एक परिच्छेद आहे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सेक्रेटरी म्हणाले, एका पानात बसवा, जाहिराती आहेत. काटछाट केली. चाली काढता येत नाहीत, उंटाचा शह काढता येत नाही. धाकट्यावरचा परिच्छेद मुख्य मुद्द्याला सोडूनच होता. त्याचा फोटो आहेच.

शेवटचं वाक्य असं केलं आहे: ‘सव्वीस वर्षांत ही चाल कुणालाही दिसली नव्हती; प्रस्तुत लेखकाने संगणकाच्या साहाय्याने दीर्घ संशोधन करून ती शोधली.’ जरा भारदस्त वाटतं. आणि खोटं नाही त्यात काही. संशोधन दीर्घ होतंच.

शब्द चाल छापण्याचा दिला होता. चाल छापली आहे.

१४ मार्च, शनिवार

समारंभ उत्तम. फ्रेम पुन्हा भिंतीवर, काच स्वच्छ. तीनशे प्रती हातोहात गेल्या. दातांचे डॉक्टर म्हणाले, स्वतःच्या कीर्तीवर स्वतः घाव घालणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय. पोस्टमननी उठून हात मिळवला. सेक्रेटरींनी भाषणात प्रामाणिकपणा हा शब्द चार वेळा वापरला. पुढच्या महिन्यात ‘संगणकाकडून कसं शिकावं’ यावर माझं व्याख्यान ठेवलं आहे.

धाकटा आला नाही. त्याची प्रत कन्येबरोबर दुकानात पाठवली. ती म्हणाली, काकांनी उभ्या उभ्या वाचली, घडी घालून हिशेबाच्या वहीत ठेवली आणि मला चहा पाजला.

१५ मार्च, रविवार

सकाळी हिने स्मरणिका वाचायला घेतली. बुद्धिबळातलं हिला काही कळत नाही, पण माझं पान दोनदा वाचलं. मग चष्मा काढून विचारलं, ‘कुणालाही दिसली नव्हती’ हे कुणी लिहिलं. मीच, म्हटलं.

ही म्हणाली, अहो, त्या डावाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी भावजी आले होते ना. तो खिशातला चुंबकाचा पट घेऊन. रात्रभर झोपले नव्हते, डोळे लाल होते. मी नवी नवरी, चहा टाकत होते. तुम्ही दाढी करत होतात. ते तुमच्या पाठीमागे पट हातात धरून उभे होते आणि सांगत होते, दादा, हे बघ, राजा कोपऱ्यात नेला असता तर. तुम्ही आरशातून बघितलंत. वळलाही नाहीत. म्हणालात, हरल्यावर सगळ्यांनाच दिसतं.

मी म्हटलं, मला आठवत नाही. ते खरं होतं. मग गालावर साबण वाळून ताणल्यासारखं झालं होतं, तेवढं आठवलं. आणि आरशात माझ्या खांद्यामागे त्याचा हात. पट नीट दिसावा म्हणून त्याने तो उंच धरला होता.

मला फार लाज वाटली. हे लिहितानाही वाटते आहे. आणि मी हिच्यावरच उखडलो. म्हटलं, इतकं सगळं तुला माहीत होतं, तर तेव्हाच का नाही बोललीस.

बोलले होते, म्हणाली.